पेटता हात

पाटा धुऊन पुसून लख्ख केला होता. शेजारी लाल रोकोतो मिरच्यांची टोपली, लसणाचे गड्डे, वाकातायच्या पाल्याची जुडी, आणि वरवंट्यावर घडी घालून ठेवलेला नवा कोरा एप्रन. ओतिलियाने अंगणात पाऊल टाकलं, सगळं एका नजरेत पाहिलं आणि आईने डाव टाकला आहे हे तिला कळून चुकलं.

"आलीस?" दोमितिलाबाई चुलीकडे तोंड करूनच बोलल्या. "आदोबो खाऊन घे. मग बस."

"कुठे बसू?"

"कुठे म्हणजे? पाट्याशी. तुझी आज्जी बसली, मी बसले, तिथेच."

"आई, मी तुला मंगळवारी सांगितलंय. उद्यापासून माझी ड्यूटी बाळांच्या वॉर्डात आहे."

"आणि मी तुला वर्षभर सांगतेय, की आज मला सत्तर पुरी होतात. तुझ्या त्या वॉर्डाने माझा वाढदिवस विचारून तारीख ठेवायला हवी होती."

या घराची रीतच तशी होती. खाणावळ चालवणारी बाई सत्तरीची झाली, की त्या रविवारी तिची लेक गिऱ्हाइकांसमोर पहिला ठेचा वाटते. आई तिच्या गळ्यात एप्रन अडकवते, सगळे चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, पेले उंचावतात, आणि त्या दिवसापासून चूल लेकीची. पेरू देशातल्या या अरेकीपा शहरात अशा खाणावळी खूप असतील, पण दोमितिलाबाईंचा ठेचा खाऊन नाक पुसत पुसत पुन्हा पाव बुडवणारी माणसं तिसऱ्या पिढीची होती. रीत मोडायची म्हणजे एवढ्या सगळ्यांच्या तोंडाशी खेळ, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ओतिलियाला जास्त राग यायचा.

रोकोतो ही मिरची दिसायला टोमॅटोसारखी गुबगुबीत आणि स्वभावाने कजाग. ती वाटून झाली की हात दोन दिवस पेटलेला राहतो. साबण, लिंबू, तेल, राख, सगळं करून झालं. हात थंड होतो तो आपल्या वेळेनेच. रबरी हातमोजे घालून वाटावं म्हटलं, तर ठेच्याला टायरचा वास येतो असं दोमितिलाबाई म्हणत, आणि त्यांचं नाक खोटं पाडायची कोणाची हिंमत नव्हती. घरात अशा हाताला 'पेटता हात' म्हणायचे. पेटत्या हाताची बाई कोणाला हात देत नाही, मनगट पुढे करते. रडणाऱ्या पोराचे डोळे दंडाने पुसते. आईचा तळवा कधी आपल्या गालाला लागल्याचं ओतिलियाला आठवत नव्हतं. आणि आपल्या लेकीला, फिओरेलालाही तिने असंच, मनगटाने आणि कोपराने वाढवलं होतं.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिने नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा घरात हसं झालं. पहिली परीक्षा ती पास झाली, तेव्हा हसू थांबलं. आता दुसरं वर्ष. रविवारी ती आईला मदत म्हणून वाटायला यायची आणि सोमवारी हॉस्पिटलात जायची. ही दोन्ही कामं एका अंगाला झेपतात, असं तिला वाटत होतं. झेपत नाहीत हे गेल्या महिन्यात कळलं.

एका म्हाताऱ्याच्या पापण्या चिकटल्या होत्या. चिकटा नीट निघेना म्हणून तिने ग्लोव्हज काढले आणि बोटाला ओला कापूस गुंडाळून हळुवार पुसलं. पुढच्या क्षणी म्हाताऱ्याने अशी बोंब ठोकली की पलीकडच्या वॉर्डातून माणसं धावली. विद्यार्थिनींवर देखरेख करणाऱ्या सेगार्रा मॅडमनी त्याचे डोळे पाण्याने धुतले, मग ओतिलियाचा हात धरून हुंगला.

"काल काय केलंस?"

"ठेचा वाटला, मॅडम."

कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारा डोळ्यांतून धारा गाळत म्हणाला, "दोमितिलाकडची का गं तू? मला वाटलंच. असं रडवणारा रोकोतो दुसऱ्या कोणाकडे नाही." मग सगळा वॉर्डच हसला. सेगार्रा मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "पुन्हा असा हात घेऊन आलीस, तर दारातूनच परत पाठवेन," त्या म्हणाल्या. "आणि बाळांच्या ड्यूटीचा पहिला दिवस ज्याचा चुकला, त्याचं वर्ष गेलं. मी सगळ्यांनाच सांगून ठेवते."

तो पहिला दिवस उद्या होता.

"आई, तू मुद्दाम आजचा दिवस धरलास," ओतिलिया म्हणाली.

"जन्म मुद्दाम आज घेतला का मी?"

अंगणातल्या लांब बाकावर घरची माणसं बसली होती. ओतिलियाचा नवरा एफ्राइन खाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. सुट्टीचा एक दिवस शांततेत जावा, एवढीच त्याची देवाकडे मागणी. धाकटा भाऊ विल्बर शहरात हॉटेलांना फ्रिज विकायचा, आणि रविवारीही इस्त्रीच्या शर्टात असायचा. फिओरेला, एकोणीस वर्षांची, एका हाताने तीन टोकांचा पाव आदोबोच्या, मांसाच्या रश्श्यात बुडवत होती आणि दुसऱ्याने मोबाइल चाळत होती.

"ताईला शिकू दे गं, आई," विल्बर म्हणाला. "जग कुठे चाललंय! शिकणाऱ्या माणसाचे पाय ओढू नयेत."

ओतिलियाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत हा एकदाही तिच्या बाजूने बोलला नव्हता.

"मग चूल कोण बघणार?" दोमितिलाबाईंनी विचारलं.

"मी आहे की. म्हणजे माणसं ठेवू. टेबलं जरा नीट करू, भिंतीला रंग देऊ. आणि ठेचा काय, मिक्सरमध्ये पाच मिनिटांत होतो. गाडीत आणलाय मी एक. मोठा आहे, हॉटेलवाले वापरतात तसला."

त्याचा पाठिंबा कुठून आला ते आता सगळ्यांनाच दिसलं. ओतिलियाला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तिच्या बाजूने उभा राहिलेला पहिला माणूस, आणि त्याने काखेत मिक्सर आणलेला.

"मिक्सर," दोमितिलाबाई म्हणाल्या. एवढंच. पण चुलीखालच्या कुई, म्हणजे ते गिनिपिगसुद्धा, आवाज बंद करून कोपऱ्यात सरकले.

"अगं, चव तीच लागते..."

"तुला चव कळते? लहानपणी भिंतीचा चुना चाटायचास तू."

फिओरेला खळखळून हसली. विल्बरने शर्टाची कॉलर सरळ केली.

आता एफ्राइनला वाटलं की आपण मधे पडायची हीच वेळ आहे. अशा वेळी मधे पडणाऱ्या माणसाचं काय होतं हे त्याला वीस वर्षांच्या संसारात शिकता आलं नव्हतं. "ओती," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजचा एक दिवस वाट की. सासूबाईंचा मान राहील. उद्या मॅडमना सांग, घरी कार्य होतं म्हणून. माणसंच आहेत ना तीपण."

"आणि वर्ष गेलं तर?"

"पुढच्या वर्षी कर. पळून चाललंय का हॉस्पिटल? सासूबाई, मी काही हिच्या शिक्षणाच्या विरोधात नाही हं. दोन वर्षं स्वतःच्या हातचं जेवतोय. मेलो नाही."

"दिसतंय," दोमितिलाबाई त्याच्या पोटाकडे पाहत म्हणाल्या. पण जावई आपल्या बाजूला आला हे त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी त्याच्या ताटलीत मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. "ऐक नवऱ्याचं. कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललाय. आणि मला एकदा सांगच, तुला हे खूळ लागलं कुठून? तुझा बाप हॉस्पिटलात गेला, ते मनात घेतलंस का? का कोणाला नवस बोललीस?"

हा प्रश्न ओतिलियाला सगळ्यांनीच विचारला होता. इन्स्टिट्यूटच्या मुलाखतीत विचारला होता, शेजारणींनी विचारला होता. प्रत्येकाला काहीतरी दुःखाची गोष्ट ऐकायची असे. सुरुवातीला तीही बापाचं आजारपण सांगायची, कारण ते सांगितलं की लोक मान डोलवून गप्प बसायचे. आज तिला तसं करावंसं वाटेना.

"मला आवडतं," ती म्हणाली.

"काय आवडतं?"

"ते काम. माणसाला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर सुरकुती न पडता घालायची. ताप उतरला की कपाळ कसं लागतं ते हाताला कळतं, ते आवडतं. कोणी मेलं म्हणून नाही, नवस नाही, काही नाही. आवडतं म्हणून करते. बाईला काही आवडायला घरात कोणी मरावंच लागतं का?"

बाहेर चर्चची घंटा झाली, रविवारची प्रार्थना सुटली होती. आता गिऱ्हाइकं येणार. दोमितिलाबाई क्षणभर लेकीकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःला काय आवडतं हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि लेकीने न विचारताच सांगून टाकलं, याचा त्यांना आतून कुठेतरी हेवा वाटला असावा. पण त्या बोलल्या ते वेगळंच.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू नको वाटूस. फिओरेला वाटेल."

पोरीच्या हातातला पाव थांबला. "मी?"

"मग कोण? चूल मुलीकडे जाते. एक मुलगी नाही म्हणाली, तर तिच्या मुलीकडे. ये इकडे, एप्रन बांधते."

"आज्जी, मला नाही यायचं!" फिओरेलाने आईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतका वेळ असलेली मजा कुठच्या कुठे गेली. "आई, हे तुझ्यामुळे चाललंय. मी तुझ्या बाजूने होते. पहिल्या दिवशी तुझी बॅग मी भरली होती. पण तू शिकायचंस आणि हात माझे जाळायचे, असं असेल तर मला नाही पटत. मग तूच वाट!"

हे मात्र ओतिलियाला लागलं. आईचे टोमणे ती अंगावरून झटकून टाकायची, पण पोरगी बरोबर बोलत होती. ती पाट्यापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, बसते आता. एफ्राइनने सुटकेचा निःश्वास टाकला. ओतिलियाने वरवंट्यावरचा एप्रन उचलला, त्याची घडी होती तशीच ठेवून तो बाकावर ठेवला, आणि ती पाटा आणि लेक यांच्या मधे उभी राहिली.

"फिओरेला वाटणार नाही," ती म्हणाली. "तिला वाटलं, कधी मनातून वाटलं, तर बसेल. आज बसणार नाही. मीही बसणार नाही. आई, तुला मला घराबाहेर काढायचं असेल तर काढ. उद्या सकाळी माझे हात थंड असणार आहेत."

"बघा!" दोमितिलाबाई जावयाकडे वळल्या. "बघा तुमची बायको!"

"ओती, एका दिवसाने काय होतं? हात काय, दोन दिवसांत..."

"दोन दिवसांत बरे होतात, हो ना?" ओतिलिया नवऱ्याकडे वळली. "काहीच विशेष नाही ना त्यात? मग तू ये. चीर या मिरच्या."

"मी?"

"तुला सासूबाईंचा मान राखायचाय. राख."

पुरुषाने पाट्याजवळ जायचं हे या घरात कोणी पाहिलं नव्हतं. विल्बर मोठ्याने हसला आणि तेवढ्यात उठून गाडीकडे गेला. एफ्राइन टोपलीकडे बघत राहिला. बायको, सासू आणि मुलगी तिघी आपल्याकडे पाहताहेत, आणि तिघींपैकी एकीचीही नजर मऊ नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो बाह्या सावरत खाली बसला आणि त्याने सुरी उचलली.

गिऱ्हाइकं येऊ लागली होती. लांब टेबलांवर चिचाचे मोठाले पेले आपटत होते, आणि सगळ्यांच्या माना पाट्याकडे वळलेल्या होत्या. आज काय आहे हे गल्लीभर ठाऊक होतं. अशातच विल्बरने मिक्सर आणून ओसरीवर ठेवला, चार मिरच्या आत टाकल्या आणि बटण दाबलं. असा घरघराट उठला की गिऱ्हाइकाच्या मांडीवर झोपलेलं एक पोर किंचाळून उठलं. दोमितिलाबाईंनी शांतपणे जाऊन भिंतीतला प्लग ओढला, आणि वायरीची गुंडाळी करून ती लेकाच्या हातात दिली.

"फ्रिज विक," त्या म्हणाल्या. "तुला ते छान जमतं."

मग त्यांनी स्वतःचा जुनाच, डागाळलेला एप्रन घट्ट केला. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, त्या पाट्याशी बसल्या.

ओतिलियाला वाटलं, आता पुढे होऊन वरवंटा धरावा. आईचा उजवा गुडघा सुजला होता, ते तिला चार पावलांवरून दिसत होतं. तिचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे नेऊन एकमेकांत अडकवले. आजवर तिने पुष्कळ दमणारी कामं केली होती, पण म्हातारी आई वरवंटा ओढताना नुसतं उभं राहायचं, याच्याइतकं जड काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं. टेबलावरची एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "बघ कशी उभी आहे! दगड आहे दगड." ओतिलियाने ऐकलं. ती हलली नाही.

"शिरा काढा आतल्या, जावईबापू," दोमितिलाबाई वाटता वाटता म्हणाल्या. "नुसत्या बिया काय काढता! आणि आता मोरीकडे जाऊ नका, हात असे असताना. लग्न मोडेल."

टेबलं हसली. एफ्राइनचे कान लाल झाले. "सासूबाई, बोटं... बोटं खरंच पेटलीत हो."

"पेटतात. अजून नखांत जायचंय."

"आणि तुम्ही हे रोज?"

दोमितिलाबाईंनी आणखी चार मिरच्या पाट्यावर ओढल्या. वरवंटा डावीकडे, उजवीकडे डुलत होता. ठेच्याचा वास उठला आणि पहिल्या टेबलावरचे लोक खोकायला लागले. ही इथली दाद. एफ्राइन मान वर करून बायकोकडे बघत होता. त्या बघण्यात तक्रार नव्हती. आपण आज सकाळी किती सहज काय बोलून गेलो, हे त्याला हातातूनच समजत होतं.

ऊन पाट्यावर आलं. दोमितिलाबाईंच्या कपाळावरून घामाची धार निघाली, भुवईत थबकली आणि डोळ्यात उतरली. त्यांनी दंड वर केला, पण दंडही आज कोपराच्या वरपर्यंत रसाने भरला होता. दंड तसाच अधांतरी राहिला. त्यांनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. फिओरेला मदतीला उठली आणि थांबली. बापाची दया येऊन तिने आत्ताच त्याच्या हातातून सुरी काढून घेतली होती, तिचीही बोटं रसाने लाल झाली होती. एफ्राइनचे हात तर विचारूच नयेत. घरच्या सगळ्यांत कोरडा, थंड असा हात एकाच माणसाचा होता.

ओतिलिया नळापाशी गेली. शिकवलं होतं तसे तिने हात धुतले, बोटांच्या फटीतून, नखांखालून, मनगटापर्यंत, अजिबात घाई न करता. मग ती आईसमोर उकिडवी बसली.

"मान वर कर."

"काही नको. होतंय माझं."

"आई, मान वर कर."

तिने डावा तळवा आईच्या हनुवटीखाली धरला आणि उजव्या हाताच्या बोटांनी तिच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. आधी एक, मग दुसरा. आतून बाहेर. मग कपाळ, मग गाल. दोमितिलाबाईंचा वरवंटा थांबला होता. कोणाच्या बोटांनी असं तोंड पुसून घ्यायचं त्यांना माहीतच नव्हतं, त्यामुळे आपल्या मानेचं काय करावं ते त्यांना कळेना; त्यांनी ती लेकीच्या तळव्यावर टेकवून दिली.

"थंड आहेत गं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "दोमितिलाबाई, ठेचा आज मिळणार की उद्या?"

"मेल्या, थांब जरा!" दोमितिलाबाईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "सत्तर वर्षांत पहिल्यांदा निवांत बसलेय."

ओतिलियाने हात काढून घेतले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, वरवंट्यावर बोटं घट्ट केली आणि आवाज होता तसा करडा केला.

"हे बघ, मी तुझ्या बाजूची नाही. एप्रन त्या बाकावरच राहील, आणि तो कोणी उचलेपर्यंत मी मरणार नाही, एवढं लक्षात ठेव."

"राहू दे."

"उद्या किती वाजता जायचंय?"

"सातला."

"मग इथे काय बसलीस, जा घरी, लवकर झोप. आणि ऐक." त्यांनी वरवंटा ओढला. "बाळाला अंघोळ घालण्याआधी पाणी कोपराने बघून घे. आपल्या घरात तेवढं एक सगळ्यांना नीट येतं."